विहिरीवरची मोटार आणि अदृश्य क्षेत्राचा हिशेब

साताऱ्याच्या पूर्वेस असलेल्या कोरेगाव तालुक्यात उसाचा फड असो की आल्याचे वाफे असोत, त्यांचे जीवित पुष्कळ अंशी विहिरीवरील विजेच्या पंपावर अवलंबून असते. पंप चालतो मोटारीवर, आणि ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली म्हणजे घरातील सर्वांची धावपळ उडते. मोटार उतरवून तालुक्याच्या गावी न्यावयाची, तेथील कारागिराकडून ती ‘भरून’ घ्यावयाची, आणि परत आणून बसवावयाची. तोवर पिकाने वाट पाहावयाची. भरून आणलेली मोटार कित्येकदा वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, तर कित्येकदा महिन्याभरातच पुन्हा तापू लागते. तार तांब्याचीच, लोखंड तेच, वीजही तीच. मग हा फरक का पडावा? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या पोटातील एका अदृश्य वस्तूत दडलेले आहे. तिला चुंबकक्षेत्र म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. तथापि मोटार घडविणाऱ्या इंजिनिअरला ते किती आहे व कोठे आहे, हे यंत्र तयार होण्यापूर्वीच सांगावे लागते. हे तो कसे सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रस्तुत विषय आहे.

मोटारीची रचना प्रथम ध्यानात घ्यावी. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. तो अर्ध्या मिलिमीटरच्या सुमारास जाडी असलेल्या लोखंडी पत्र्यांची चळत रचून केलेला असतो. त्याच्या आतील कडेस खाचा पाडलेल्या असतात व त्या खाचांत तांब्याच्या तारेचे वेढे बसविलेले असतात. दोन खाचांमध्ये उरलेल्या लोखंडाला दात म्हणतात. आतील फिरता भाग म्हणजे रोटर. या दोहोंमध्ये हवेची एक फट असते. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीत ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असू शकते. तारेतून वीज वाहू लागली की चुंबकक्षेत्र उत्पन्न होते, ते फट ओलांडून रोटरमध्ये शिरते, आणि त्या क्षेत्राच्या ओढीने रोटर फिरू लागतो. म्हणजे मोटारीचे सारे बळ त्या केसासारख्या फटीतून जाते. क्षेत्र कमी पडले तर पंप पाणी उचलीत नाही. ते प्रमाणाबाहेर वाढले तर लोखंड व तांबे दोन्ही तापतात. इंजिनिअरला या दोहोंमधील अरुंद वाट शोधावयाची असते.

विजेचा आणि चुंबकाचा संबंध १८२० साली डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञाने जगापुढे मांडला. वीज वाहत असलेल्या तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई वळते, असे त्याला आढळले. त्याच वर्षी बीओ आणि सावार या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी तारेपासून किती अंतरावर किती क्षेत्र असते, याचा नियम शोधून काढला. सरळ व लांब तारेपुरता तो नियम इतका सोपा आहे की शाळकरी मुलासही वापरता यावा: क्षेत्र हे प्रवाहाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. शंभर अँपिअरचा प्रवाह नेणाऱ्या तारेपासून १०० मीटरवर क्षेत्र भरते २०० नॅनोटेस्ला, आणि एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्ला. टेस्ला हे क्षेत्र मोजण्याचे माप असून नॅनोटेस्ला म्हणजे त्याचा एक अब्जांश होय. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकक्षेत्र आपल्या मुलखात सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला असते.

हे आकडे क्षुल्लक वाटतात. पण त्यांनी मुंबईतील एका वेधशाळेला आपले बस्तान हलवावयास लावले. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. पण परतताना त्याचा काही अंश जमिनीत पाझरतो, त्यामुळे जाणाऱ्या व येणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना पुरती मारीत नाहीत. पृथ्वीच्या चुंबकत्वात दिवसभरात होणारा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. त्याचे मापन करणाऱ्या सुईशेजारून प्रत्येक ट्रामगाडी आपली खोटी सही करून जाणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा जुळविण्यात आला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा कुलाब्याच्या नोंदींची परंपरा अलिबागेस सुरक्षित पोहोचलेली होती. संकट येण्यापूर्वी ते ओळखून त्याचा बंदोबस्त करणे हेच या शास्त्राचे प्रयोजन होय, आणि त्याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

परंतु ट्रामच्या तारेला पुरणारे सूत्र मोटारीला पुरत नाही. त्याचे कारण लोखंड. हवेत तारेच्या प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र निराळे काढून त्यांची बेरीज करता येते. लोखंड मात्र तारेच्या क्षेत्रात आले की स्वतःच चुंबक बनते. त्याच्या प्रत्येक कणाचे चुंबकत्व शेजारच्या कणावर परिणाम करते आणि शेजारचा कण उलट त्याच्यावर. प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून, असा हा पेच आहे. त्यात खाचा, दात, गोलाई, फट असे वेडेवाकडे आकार. अशा आकाराला लागू पडेल असे नेटके सूत्र कोणत्याही गणितीजवळ नाही.

पहिली तोड इंग्लंडमधील जॉन व एडवर्ड हॉप्किन्सन या बंधूंनी १८८६ साली काढली. चुंबकत्व हे लोखंडातून पाटाच्या पाण्यासारखे वाहते असे समजावे, आणि त्या पाटाच्या प्रत्येक टप्प्यावर किती अडथळा आहे त्याचा हिशेब मांडावा. समजा, ०.४ मिलिमीटरच्या फटीत ०.८ टेस्लाचे क्षेत्र हवे आहे. त्यासाठी सुमारे २५५ अँपिअर-वेढे, म्हणजे एक अँपिअर वाहणारे २५५ वेढे किंवा पाच अँपिअर वाहणारे ५१ वेढे, लागतात. तेच क्षेत्र चांगल्या लोखंडातून १५ सेंटिमीटर अंतर नेण्यास पन्नासाहूनही कमी अँपिअर-वेढे पुरतात. लोखंड हवेपेक्षा २,००० पट सुलभ मार्ग देते असे धरले, तर ०.४ मिलिमीटर हवा ही ८० सेंटिमीटर लोखंडाइतकी अवघड ठरते! यावरून फटीचे महत्त्व लक्षात यावे. खराट कामामुळे ती ०.४ ऐवजी ०.५ मिलिमीटर झाली, तर फटीसाठी लागणारा प्रवाह एकदम पाव हिश्शाने वाढतो.

हॉप्किन्सन बंधूंची रीत आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात. पण तिच्यात एक गृहीत आहे. चुंबकत्व ठरलेल्या पाटातूनच जाते, कोठे फुटत नाही, असे ती मानते. प्रत्यक्षात खाचेच्या तोंडाशी ते फाकते, दाताच्या कोपऱ्यावर दाटते, आणि थोडेफार भलत्याच वाटेने निसटते. जेथे ते दाटते तेथेच लोखंड तापते. म्हणून क्षेत्राचे नुसते एकूण माप पुरत नाही. त्याचा नकाशा लागतो.

नकाशा काढण्याची आजची रीत मुळात अत्यंत साधी आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास कोणासही ती अर्ध्या तासात अनुभवता येईल. मोठा प्रश्न सुटत नसेल तर त्याचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या शेजाऱ्यांविषयी विचारावे, हे तिचे सार होय.

एक चौरस खाच डोळ्यांपुढे आणावी. डावी, उजवी व खालची बाजू स्टेटरच्या लोखंडाची. वरची बाजू रोटरच्या लोखंडाची. मधली फट फारच बारीक असल्यामुळे तूर्त ती आकृतीत दाखवू नये. खाचेत केवळ हवा आहे, तार नाही, असेही समजावे. जमिनीला जशी उंची असते, तशी या जागेतील प्रत्येक बिंदूला एक ‘चुंबकीय पातळी’ असते. तीन बाजूंची पातळी शून्य आणि वरच्या बाजूची शंभर धरू. आतल्या हवेत कोणत्या बिंदूची पातळी किती, एवढेच काढावयाचे आहे. पातळीचा उतार जेथे तीव्र तेथे क्षेत्र जोरदार, आणि जेथे सपाटी तेथे क्षेत्र मंद.

या चौरसाचे उभे तीन व आडवे तीन भाग पाडले की आत चार गाठी पडतात: वर दोन, खाली दोन. आता नियम एकच. पाण्याच्या एका हौदाला सारख्या जाडीच्या चार नळांनी चार शेजारचे हौद जोडले आणि त्या हौदात पाणी साठतही नाही व आटतही नाही असे असेल, तर त्याची पातळी चार शेजाऱ्यांच्या पातळ्यांची सरासरी असली पाहिजे. चुंबकत्वाच्या रेषाही हवेत कोठे उगम पावत नाहीत व कोठे संपत नाहीत. जितक्या येतात तितक्याच जातात. म्हणून प्रत्येक गाठीची पातळी ही तिच्या वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याची सरासरी होय.

आरंभी चारही गाठींवर शून्य लिहावे. वरच्या डाव्या गाठीचे शेजारी १००, ०, ० आणि ०, सरासरी २५. शून्य खोडून २५ लिहावे. वरच्या उजव्या गाठीचे शेजारी १००, ०, २५ आणि ०, सरासरी ३१.२५. खालची डावी ६.२५ येते आणि खालची उजवी सुमारे ९.३८. ही एक फेरी झाली. हे आकडे बरोबर नाहीत, कारण पहिला आकडा काढताना त्याच्या दोन शेजाऱ्यांची खरी पातळी ठाऊकच नव्हती. म्हणून पुन्हा आरंभापासून तीच सरासरी काढावी. दुसऱ्या फेरीत वरच्या गाठी ३४.३८ व ३५.९४ होतात, तिसरीत ३६.७२ व ३७.११. खालच्या दोन तिसऱ्या फेरीअखेर १२.११ आणि १२.३० वर येतात. प्रत्येक फेरीत आकडा कमी कमी हलतो. सातव्या फेरीअखेर वरच्या दोन्ही गाठी ३७.५० वर आणि खालच्या दोन्ही १२.५० वर स्थिरावतात. पुढे कितीही फेऱ्या केल्या तरी दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत काहीही बदलत नाही. चुकीच्या आकड्यांपासून आरंभ करून, केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांची सरासरी काढीत, हिशेब आपण होऊन आपल्या ठिकाणी येऊन बसला. शून्याऐवजी पन्नास किंवा हजार लिहून आरंभ केला असता तरी तो अखेर याच जागी आला असता. फेऱ्या मात्र कमीअधिक लागल्या असत्या.

येथेच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. हिशेब स्थिर झाला म्हणजे तो खरा झाला, असे नव्हे. चौरस हा सुदैवाने असा आकार आहे की त्याचे अचूक उत्तर सूत्राने काढता येते. त्या सूत्राप्रमाणे वरच्या गाठींची खरी पातळी ३८.०७ आणि खालच्यांची ११.९३ आहे. आपल्या हिशेबात आले ३७.५० आणि १२.५०. फेऱ्यांत कोठेही चूक नव्हती; उणीव होती ती जाळीच्या जाडेपणात. केवळ चार गाठींनी सबंध खाचेचे वर्णन करावयास निघाल्यावर एवढा फरक पडणारच. तोच चौरस तीनऐवजी सहा भागांत वाटला, म्हणजे आत पंचवीस गाठी घेतल्या, तर त्याच दोन जागी ३७.८८ आणि १२.१२ हे आकडे मिळतात. चूक ०.५७ वरून ०.१९ वर, म्हणजे तिसऱ्या हिश्शावर आली. श्रम मात्र सहापटींहून अधिक झाले. जाळी जितकी बारीक तितके सत्य जवळ, आणि तितकेच कष्टही अधिक, असा हा व्यवहार आहे.

या कष्टांचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्लंडमधील लुईस फ्राय रिचर्डसन याने १९१० साली दगडी धरणाच्या पोटातील ताण याच जातीच्या जाळीने काढून दाखविले. हिशेब करणाऱ्यांना तो उक्त्या दराने, दर आकड्यामागे मोबदला देत असे. पुढे रिचर्ड साउथवेल या इंजिनिअराने या रीतीला व्यवस्थित शास्त्राचे रूप दिले. जेथे चूक सर्वांत मोठी तेथे प्रथम हात घालावा, हा त्याच्या रीतीचा गाभा. त्याचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. त्या काळी मोठ्या कागदावर जाळी आखून, खोडरबर झिजेपर्यंत आकडे बदलीत बसणे, हे इंजिनिअरांचे काम असे.

मग यंत्रे आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक पुरा झाला. भारतात घडविलेल्या आरंभीच्या संगणकांत त्याची गणना होते. त्याच्या स्मरणात २,०४८ शब्द मावत, आणि ते स्मरण लोहसंयुगाच्या बारीक चुंबकीय कड्यांत साठविलेले असे. ज्या चुंबकक्षेत्राचा हिशेब करण्यात माणसे थकत होती, तेच असे हिशेबनिसाच्या कामी लागले.

चौकोनी जाळीची आणखी एक अडचण होती. मोटार गोल, दातांचे कोपरे तिरपे. चौकोन तेथे नीट बसत नाहीत. चौकोनाऐवजी त्रिकोण घेतले तर कोणताही आकार भरून काढता येतो, आणि जेथे क्षेत्र दाटते तेथे त्रिकोण लहान व जेथे मंद तेथे मोठे ठेवता येतात. ही कल्पना रिचर्ड कूरांट या गणितीने १९४३ साली मांडली होती. विमाने व पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांनी ती पुढे वाढविली. मोटारी व जनित्रे यांतील लोखंडाच्या चुंबकक्षेत्राला ती लावून दाखविणारा गाजलेला निबंध कॅनडामधील पीटर सिल्व्हेस्टर आणि त्यांचे सहकारी एम. व्ही. के. चारी या दोघांनी १९७० साली प्रसिद्ध केला. या पद्धतीला सांत घटक पद्धती असे नाव आहे. आज मोटारीचा आराखडा करणारा इंजिनिअर संगणकावर सहस्रावधी त्रिकोणांची जाळी पसरून क्षेत्राचा नकाशा पाहतो. पण त्याच्या मुळाशी तत्त्व तेच आहे, शेजाऱ्यांशी मेळ घालण्याचे.

लोखंडाचा आणखी एक स्वभाव या हिशेबाला अवघड करतो. ते थोड्या क्षेत्रापर्यंत उदारपणे चुंबक बनते. पण दीड टेस्लाच्या पुढे त्याची उदारता ओसरू लागते आणि दोन टेस्लाच्या सुमारास ते जवळजवळ तृप्त होते. यालाच संपृक्तता म्हणतात. म्हणजे लोखंड किती सुलभ मार्ग देते, हे त्यात किती क्षेत्र आहे त्यावर अवलंबून. आणि क्षेत्र किती, हे मार्गाच्या सुलभतेवर अवलंबून! म्हणून फेऱ्यांच्या आत फेऱ्या कराव्या लागतात. आधी लोखंडाचा एक गुण गृहीत धरून सबंध नकाशा काढावयाचा. त्या नकाशावरून प्रत्येक त्रिकोणातील लोखंडाचा गुण सुधारावयाचा. पुन्हा नकाशा काढावयाचा. दोन लागोपाठच्या नकाशांत फरक उरला नाही म्हणजे थांबावयाचे.

आता आरंभी पडलेल्या प्रश्नाचा उलगडा होतो. फटीत ०.८ टेस्ला क्षेत्र आहे, आणि दात व खाच सारख्याच रुंदीचे आहेत असे समजा. फटीतून आलेले जवळजवळ सर्व चुंबकत्व दातांतूनच जाणार; म्हणजे अर्ध्या जागेत तेवढेच चुंबकत्व, अर्थात दातात सुमारे १.६ टेस्ला. लोखंड मुळातच तृप्तीच्या उंबरठ्यावर उभे आहे. अशी मोटार जळाली आणि भरणाऱ्या कारागिराने प्रत्येक खाचेत १०० वेढ्यांच्या जागी ९० च वेढे घातले. कदाचित जाड तार घेतली म्हणून, कदाचित मोजणीत कसूर झाली म्हणून. विजेचा दाब तोच राहिला तर चुंबकत्व वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे ते ११ टक्क्यांनी वाढून दातात सुमारे १.७८ टेस्ला होते. आकड्यातील वाढ लहान. पण तृप्त होत आलेल्या लोखंडातून तेवढे अधिक काढून घेण्यास प्रवाह मात्र कितीतरी अधिक लागतो. पंपावर पाण्याचा भार नसतानाही तार तापते, आणि तापलेल्या तारेवरील आवरण हळूहळू करपते. मोटार पुन्हा जळते, आणि दोष मात्र विजेला किंवा नशिबाला लागतो. उलट वेढे अधिक घातले तर क्षेत्र कमी पडून पंप धापा टाकतो. विजेचा दाब कमी असतानाही असेच घडते: दाब ८० टक्क्यांवर उतरला की मोटारीचे कमाल बळ दाबाच्या वर्गाप्रमाणे ६४ टक्क्यांवर येते. तोच भार ओढण्यासाठी ती अधिक प्रवाह घेते आणि तापते.

बळाचाही हिशेब येथेच पाहावा. ०.८ टेस्लाचे क्षेत्र फटीच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडाला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे अडीच किलोग्रॅम वजनाच्या ओढीने एकमेकांकडे खेचते. ही ओढ क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते; क्षेत्राच्या अंदाजात पाच टक्के चूक झाली तर ओढीत दहा टक्के चूक होते. लहान मोटारीत ही गोष्ट खपून जाईल. परंतु याच सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर चालणाऱ्या जनित्रांचा विचार करावा. १९६२ साली तेथे वीज उत्पन्न होऊ लागली; प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यातील एकेक जनित्र २५० मेगावॅटचे असून सर्व टप्प्यांची क्षमता मिळून १,९६० मेगावॅट होते. असे जनित्र एकदा करून पाहावे, चुकले तर मोडून पुन्हा करावे, अशी सोय नसते. रोटर मध्यापासून किंचित सरकला तर एका बाजूची ओढ दुसरीहून किती वाढेल, हे कागदावरच आधी कळले पाहिजे. लहान मोटार बनविणाऱ्याला हा हिशेब खर्च वाचविण्यासाठी लागतो. मोठे जनित्र बनविणाऱ्याला तो अनर्थ टाळण्यासाठी लागतो.

कोरेगावाहून लोहमार्गाने मिरजेकडे जाताना वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत यांत्रिक रेखांकनाचे शिक्षक होते. त्यांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर आपला कारखाना वसविला आणि लोखंडी नांगर व शेतीची अवजारे गावोगाव पोहोचविली. पुढे हा उद्योग पंपांकडे वळला, आणि त्याच घराण्याच्या उद्योगातून १९४६ साली बंगलोर येथे विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. नांगराचा फाळ बरा की वाईट, हे शेतकऱ्याला पहिल्याच तासात कळते. तेथे माती स्वतः परीक्षक असते. मोटारीच्या पोटातील लोखंडाची परीक्षा मात्र अशी डोळ्यांदेखत होत नाही. नांगराकडून मोटारीकडे येताना आपल्या प्रदेशाने दिसणाऱ्या वस्तूंच्या कारागिरीतून न दिसणाऱ्या वस्तूंच्या कारागिरीत पाऊल टाकले, असे म्हणावयास हरकत नाही. जेथे डोळा पोहोचत नाही तेथे हिशेबालाच डोळा व्हावे लागते.

म्हणूनच त्या डोळ्याची वेळोवेळी तपासणी केली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर उमटणारे रंगीत नकाशे मोठे देखणे असतात, आणि देखण्या वस्तूवर मनुष्याचा विश्वास चटकन बसतो. जाणता इंजिनिअर तसे करीत नाही. तो नकाशाला तीन प्रश्न विचारतो. जाळी आणखी बारीक केली तर उत्तर बदलते काय? बदलत असेल तर पहिले उत्तर अपुरे होते. चार गाठींच्या आपल्या खाचेने हे दाखवूनच दिले आहे. दुसरा प्रश्न असा की, हिशेबात धरलेले लोखंडाचे गुण प्रत्यक्ष वापरलेल्या पत्र्याचे आहेत काय? कारण पत्र्याला छिद्रे पाडताना व कडा कापताना त्याचे चुंबकीय गुण काहीसे बिघडतात, आणि कोष्टकातील आकडे कोऱ्या पत्र्याचे असतात. तिसरा व शेवटचा प्रश्न, मोजून पाहिले काय? तारेचे लहानसे वेटोळे किंवा तशीच दुसरी मोजणी-साधने वापरून निदान काही ठिकाणचे क्षेत्र प्रत्यक्ष तपासल्यावाचून कोणताही हिशेब पुरा समजू नये.

सुदैवाने ही तिसरी कसोटी शेतकऱ्याच्याही आवाक्यातील आहे. मोटार चांगली चालत असतानाच, तिच्यावर भार नसताना तिन्ही फेजांतून किती अँपिअर प्रवाह जातो, हे वायरमनकडून टाँग टेस्टर लावून मोजून घ्यावे व वहीत टिपून ठेवावे. तो आकडा म्हणजे पोटातील चुंबकक्षेत्र उभे करण्याचा खर्च होय. मोटार भरावयास देताना जुने वेढे किती व तार किती जाडीची होती, हे कारागिराला मोजून लिहून ठेवण्यास सांगावे. भरून आल्यावर पुन्हा भाराविना प्रवाह मोजावा. दोन्ही आकडे जवळपास असले तर निर्धास्त राहावे. नवा आकडा बराच मोठा असेल, अथवा तीन फेजांत ठळक तफावत असेल, तर ती मोटार विहिरीवर नेण्याऐवजी तशीच कारागिराकडे परत न्यावी. पाच मिनिटांच्या या मोजणीने ऐन उन्हाळ्यातील एखादी पाण्याची पाळी वाचू शकते.